बेसबॉलचा मॅनेजर संघाला किती तारतो आणि किती बुडवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉल बघायला लागला की आठवडाभरातच विचारतो, खेळाडूंसारखाच गणवेश घालून, डगआऊटच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या) कठड्याला रेलून उभा असलेला तो साठीचा गृहस्थ कोण? आणि संघ हरला की सगळे त्याच्यावरच का तुटून पडतात? मी गेली अनेक वर्षं पुण्यात पहाटे उठून अमेरिकेतली मेजर लीग बघतो. मित्र, भाचे-पुतणे, न्यूजर्सीत स्थायिक झालेले नातेवाईक असे कितीतरी जण हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. माझी उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

मॅनेजर म्हणजे कोच, की कर्णधार?

क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधार जे करतो ते जवळपास सगळं बेसबॉलमध्ये मॅनेजर करतो. फलंदाजीचा क्रम तो ठरवतो. पिचर (चेंडू फेकणारा, म्हणजे आपला गोलंदाज) कधी बदलायचा, क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे, कुणाच्या जागी कुणाला बॅट घेऊन पाठवायचं, हे सगळं त्याच्याकडे. फरक एवढाच की तो स्वतः खेळत नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर उभं आहे. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. कर्णधार गोलंदाजाला दोन षटकं विश्रांती देऊन पुन्हा आणतो, तशी सोय इथे नाही. पिचर काढला की काढला.

संघात कोण असावं हे मात्र मॅनेजर ठरवत नाही. खेळाडू विकत घेणं, विकणं, करार करणं हे जनरल मॅनेजरचं आणि त्याच्या वरच्या मंडळींचं काम. दोघांच्या पदनामात ‘मॅनेजर’ असल्याने नव्या माणसाचा गोंधळ होतो. घरात किराणा कुणी भरायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, एवढा तो फरक आहे.

मग एका हंगामात मॅनेजर किती सामने जिंकून देतो?

हंगाम १६२ सामन्यांचा असतो. उत्तम संघ शंभरच्या आसपास जिंकतो, रडतखडत चाललेला संघ साठेक. म्हणजे वाईट संघसुद्धा तिसरा हिस्सा सामने जिंकतोच आणि उत्तम संघसुद्धा साठ-एक हरतोच. या चाळीस सामन्यांच्या अंतरातलं बहुतेक अंतर खेळाडूंच्या गुणवत्तेचं, त्यानंतर दुखापतींचं आणि नशिबाचं असतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. डावपेचांच्या जोरावर चांगला मॅनेजर हंगामात दोन-चार सामने वर काढत असेल. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. पण संघ बिघडवण्याची त्याची ताकद जिंकवण्याच्या ताकदीहून पुष्कळ मोठी आहे. खाली बिली मार्टिनबद्दल वाचा, म्हणजे मी असं का म्हणतो ते कळेल.

याला काही पुरावा? एकच मॅनेजर दोन संघांकडे तपासता येतो का?

येतो, आणि अलीकडेच एक उदाहरण असं घडलं की मुद्दाम प्रयोग करायचा म्हटला तरी इतका नेटका जमला नसता.

क्रेग काउन्सेल २०१५ पासून मिलवॉकी ब्रुअर्सचा मॅनेजर होता. मिलवॉकीच्या परिसरातच वाढलेला, घरचा माणूस. पैशाने लहान असलेल्या त्या संघाला त्याने शेवटच्या सहा वर्षांत पाच वेळा बाद फेरीत नेलं. त्यामुळे तेव्हाच्या मॅनेजरांत त्याचं नाव फार वर घेतलं जायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या शिकागो कब्जने त्याला उचललं. पाच वर्षांचे ४ कोटी डॉलर. तोवर कुठल्याच मॅनेजरला एवढा पैसा मिळाला नव्हता. मिलवॉकीत लोक संतापले, आणि तो पाहुणा म्हणून परत आला तेव्हा त्याच्याच गावाने त्याची हुर्यो उडवली.

आता आकडे बघा. २०२३ मध्ये काउन्सेलशिवाय कब्जने ८३ सामने जिंकले होते. २०२४ मध्ये त्याच्यासह जिंकले ८३. ब्रुअर्सने २०२३ मध्ये त्याच्यासह ९२ जिंकले होते, २०२४ मध्ये त्याच्याशिवाय ९३. तेही संघाचा सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्सला हंगामाआधी दुसऱ्या संघाला देऊन आणि दुसरा प्रमुख पिचर ब्रँडन वूडरफ पूर्ण वर्ष जायबंदी असताना. नवा मॅनेजर पॅट मर्फी हा काउन्सेलचाच सहायक. कॉलेजात तर काउन्सेल त्याच्या हाताखाली खेळला होता.

काउन्सेल कुचकामी ठरला असा याचा अर्थ अजिबात नाही. २०२५ मध्ये कब्जने ९२ जिंकले आणि बाद फेरी गाठली. पण त्या वर्षी ब्रुअर्सने ९७ जिंकले आणि बाद फेरीत कब्जलाच ३-२ असं हरवलं. मला यातून एवढंच दिसतं की मिलवॉकीत जे चांगलं चाललं होतं, ते एका माणसाच्या खिशात नव्हतं. खेळाडू शोधणारे, पिचर घडवणारे, क्षेत्ररक्षणाला किंमत देणारे, सगळे तिथेच होते. काउन्सेल त्या यंत्रणेतला एक चांगला भाग होता.

पण एखादा मॅनेजर अचानक थोर कसा होतो?

केसी स्टेंगलची गोष्ट यासाठी सांगावीच लागते. १९३४ ते १९४३ दरम्यान ब्रुकलिन आणि बॉस्टन इथे मिळून त्याने नऊ हंगाम काढले. त्यातल्या फक्त एका हंगामात, १९३८ मध्ये, पराभवांपेक्षा विजय जास्त होते, तेही ७७ विरुद्ध ७५. लोक त्याला विदूषक समजत. १९४९ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजकडे आला आणि सलग पाच वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकला. बारा वर्षांत दहा वेळा लीगचं विजेतेपद, सात वेळा जगज्जेतेपद. मग १९६२ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या मेट्स संघाचा तो मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी ४० विजय, १२० पराभव.

माणूस तोच. यांकीजकडे त्याला डिमॅजिओ, बेरा, मँटल आणि फोर्ड मिळाले, मेट्सकडे इतरांनी नको म्हणून सोडलेले खेळाडू.

तरी एवढ्यावर स्टेंगलला मोडीत काढणं चुकीचं होईल. हातात हिरे असूनही त्याने डावखुऱ्या पिचरसमोर एक खेळाडू आणि उजव्यासमोर दुसरा, अशी अदलाबदल सातत्याने केली. नामांकित खेळाडूंना बाकावर बसवलं, त्यांची नाराजी अंगावर घेतली. यांकीज बऱ्याच जणांनी जिंकवले असते, पण सलग पाच वर्षं जिंकवणारा त्याच्याआधी कुणी नव्हता आणि नंतरही झाला नाही.

जो टोरीचंही तसंच. यांकीजकडे येण्याआधी तीन संघांत मिळून त्याचे पराभव विजयांपेक्षा शंभराहून जास्त होते. यांकीजकडे बारा वर्षांत बारा वेळा बाद फेरी आणि चार विजेतेपदं.

फलंदाजीचा क्रम, बंट असल्या डावपेचांचा किती फायदा होतो?

लोक वाद घालतात त्यापेक्षा खूपच कमी. ढोबळ हिशेब असा आहे की हंगामात साधारण दहा जास्तीच्या धावा म्हणजे एक जास्तीचा विजय. फलंदाजीचा क्रम कितीही डोकं लावून रचला तरी साध्या समंजस क्रमापेक्षा वर्षभरात हाती लागणार ते एखाद-दुसऱ्या विजयापुरतंच.

बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ ढकलणं, म्हणजे आपण बाद झालो तरी धावक पुढच्या बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर) पोचतो. त्याचा हिशेब तर उलटाच निघतो. पहिल्या बेसवर धावक आहे आणि कुणी बाद नाही, तेव्हा त्या इनिंगमध्ये सरासरी ०.९ च्या आसपास धावा होतात. बंट करून धावक दुसऱ्या बेसवर नेला आणि त्या बदल्यात एक बळी दिला, की सरासरी ०.७ च्या आसपास उतरते. धावक पुढे गेला, आपण मागे गेलो. एकच धाव हवी असेल आणि बॅटर कच्चा असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वीचे मॅनेजर सर्रास बंट करायला लावत, आता ते फारच कमी झालं आहे. बाल्टिमोरचा अर्ल वीव्हर हे सत्तरच्या दशकातच ओळखून होता. त्याला बंट आवडत नसे, तो तीन धावांच्या होम रनची (आपल्या षटकारासारख्या फटक्याची) वाट बघत थांबायचा. कुठला बॅटर कुठल्या पिचरसमोर कसा खेळला याची तो कार्डं ठेवायचा. संगणक नव्हता, पण वीव्हरने प्रश्न बरोबर विचारला होता.

नव्या नियमांनीही मॅनेजरचं पान थोडं कोरं केलं आहे. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटर खेळवावेच लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच खेळाडू बॅटिंग करतो, त्यामुळे ‘आता पिचरला बॅटिंगला पाठवू की काढू’ हा नॅशनल लीगचा जुना पेच संपला.

मग मॅनेजरचा निर्णय खरोखर कुठे बोलतो?

पिचर बदलण्यात. विशेषतः ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जिथे १६२ सामन्यांचा दिलासा नसतो. यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून दोन सामने जवळून सांगतो.

पहिला, १६ ऑक्टोबर २००३. यांकी स्टेडियम, यांकीजविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा आणि शेवटचा सामना. बॉस्टन रेड सॉक्स ५-२ ने पुढे, आठवी इनिंग. पेद्रो मार्टिनेझ सात इनिंग टाकून आणि शंभर चेंडू फेकून परत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला होता. एक बाद झाला, मग जीटरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), विल्यम्सचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा), ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत माउंडवर गेला आणि पेद्रोला विचारलं, दम आहे ना? जगातला सर्वोत्तम पिचर नाही म्हणणार आहे का? लिटल त्याला तिथेच ठेवून परत फिरला. पुढे मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होम रनने बॉस्टनचा हंगाम संपला. त्या वर्षी ९५ सामने जिंकून देणाऱ्या लिटलचा करार पुढे वाढवला गेला नाही.

दुसरा, २७ ऑक्टोबर २०२०. आपल्याकडे २८ ची सकाळ. टाळेबंदीचे दिवस, ऑफिस घरूनच, म्हणून चहाचा कप घेऊन मी निवांत बसलो होतो. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे रेज १-० ने पुढे आणि ब्लेक स्नेल असा फेकत होता की लॉस एंजेलिस डॉजर्सचे बॅटर हताश होऊन परत जात होते. नऊ जण स्ट्राइकआऊट, म्हणजे चेंडू मारताच न आल्याने बाद. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारला, अख्ख्या सामन्यात स्नेलविरुद्धचा तो फक्त दुसरा हिट. फेकून झाले होते ७३ चेंडू. पुढचे तीन बॅटर बेट्स, सीगर, टर्नर, तिघेही स्नेलसमोर दोन-दोनदा स्ट्राइकआऊट झालेले.

आणि मॅनेजर केव्हिन कॅश डगआऊटच्या पायऱ्या चढून वर आला. स्नेलच्या चेहऱ्यावरचा अविश्वास मला अजून आठवतो. हातातला कप तसाच राहिला. निक अँडरसन आला, ज्याने त्याआधीच्या कितीतरी सामन्यांत धावा दिल्या होत्या. बेट्सचा डबल, एक वाइल्ड पिच (हाताबाहेर भरकटलेला चेंडू), एक ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), आणि काही मिनिटांत डॉजर्स २-१. शेवट ३-१. रेजचा खेळ आटोपला.

कॅशचं गणित मूर्खपणाचं नव्हतं. बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा बघतात तेव्हा जास्त चांगलं खेळतात, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून दिसलेलं आहे. त्याच शिस्तीने त्याने गरीब संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत आणलं होतं. पण सरासरी सगळ्यांची असते, आणि त्या सकाळी माउंडवर सरासरी पिचर उभा नव्हता. लिटलने आकडे बाजूला ठेवून माणसावर भरवसा टाकला, तो बुडाला. कॅशने समोरचा माणूस बाजूला ठेवून आकड्यांवर भरवसा टाकला, तोही बुडाला. मला विचाराल तर लिटलची चूक जास्त मोठी. थकलेला हात डोळ्यांनाही दिसत होता आणि आकड्यांतही. कॅशला मी अर्धा माफ करतो, पण आतल्या आत दुखतं ते कॅशचंच.

निर्णय बरोबर असूनही गोष्टी फसतात का?

फसतात. २०११ च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. सेंट लुईस कार्डिनल्सचा टोनी ला रूसा, पिचर बदलण्याचं शास्त्र ज्याने घडवलं असं मानतात, त्याने टेक्ससच्या मैदानातून बुलपेनला (बदली पिचर हात मोकळे करतात त्या जागेला) फोन केला आणि दोन नावं सांगितली. गर्दीच्या गोंगाटात पलीकडे एकच ऐकू गेलं. नंतर पुन्हा फोन केला, ‘मॉट’ म्हणाला, तर तिकडून लिन नावाचा दुसराच पिचर चालत आला. मधल्या काळात डावखुऱ्या झेपचिन्स्कीला उजव्या नापोलीसमोर राहावं लागलं आणि नापोलीने दोन धावांचा डबल मारला. सामना गेला. मालिका मात्र कार्डिनल्सनेच जिंकली.

तुम्ही म्हणता मॅनेजर बिघडवू जास्त शकतो. ते कसं?

बिली मार्टिनकडे बघा. माझ्या मते मॅनेजरच्या प्रभावाचा याहून ठसठशीत पुरावा दुसरा नाही, दोन्ही बाजूंनी.

मार्टिन जिथे गेला तिथे संघ ताबडतोब सुधारला. टेक्सस रेंजर्सने १९७३ मध्ये ५७ सामने जिंकले होते, १९७४ मध्ये त्याच्या हाताखाली ८४. ओकलंड १९७९ मध्ये ५४ विजयांवर होता, मार्टिन आला आणि १९८० मध्ये ८३. एकोणतीस विजयांची उडी, खेळाडू बहुतांशी तेच. मघाशी मी दोन-चार सामन्यांची मर्यादा घातली, ती इथे मोडते हे मी मान्य करतो. अवसान गेलेल्या तरुण संघाच्या अंगात तो आग भरायचा.

पण ती उडी कशी घेतली? १९८० मध्ये ओकलंडच्या पिचरांनी ९४ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकट्याने फेकून काढले. हल्ली तीसही संघ मिळून हंगामात पन्नाशी ओलांडत नाहीत. एकट्या रिक लँगफर्डने २८ सामने असे पूर्ण केले, त्यातले २२ सलग. नॉरिसने २४, कीओने २०. मार्टिनला बुलपेनवर विश्वास नव्हता, म्हणून त्याने पाच तरुण हात उसासारखे पिळून घेतले. १९८१ मध्ये संघ लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. १९८२ मध्ये हात गळाले, ६८ विजय, ९४ पराभव, आणि मार्टिनला नारळ मिळाला. पुढच्या मॅनेजरकडे आले ते थकलेले पाच पिचर. त्यानंतर त्यांच्यापैकी कुणालाही तसा हंगाम पुन्हा लाभला नाही.

विजयांच्या तक्त्यात ती एकोणतीस विजयांची उडी मार्टिनच्या नावावर आहे. लँगफर्डच्या कोपराचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही. म्हणून कुणी मॅनेजरचं मोठेपण पहिल्या वर्षाच्या विजयांवरून सांगायला लागलं की मी विचारतो, तिसऱ्या वर्षी काय झालं?

हंगामाच्या मध्यावर मॅनेजर काढला तर संघ सुधारतो का?

बहुतेक वेळा थोडा सुधारतो, आणि बहुतेक वेळा तो आपोआपच सुधारला असता. मॅनेजरला काढतात ते संघ सर्वात खाली गेलेला असताना. तिथून वर येण्याचीच शक्यता जास्त.

मन मोहवणारी उदाहरणं आहेत. २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने १६ विजय, २२ पराभव असताना मॅनेजर बदलला आणि ७२ वर्षांच्या जॅक मकीअनला आणलं. पुढे ७५ विजय, ४९ पराभव, आणि वर्ल्ड सिरीजही. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने २२-२९ वर जो जिरार्डीला काढलं, रॉब थॉमसनने ६५-४६ करून संघ वर्ल्ड सिरीजमध्ये नेला. हे दोन्ही संघ मुळात चांगले होते, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. १९८८ मध्ये बाल्टिमोर पहिले सहा सामने हरला आणि कॅल रिपकन सीनियरला काढलं, ज्याची दोन मुलं त्याच संघात खेळत होती. त्याच्या जागी फ्रँक रॉबिन्सन, खेळाडू म्हणून अजरामर. संघ पुढचे पंधराही हरला. २१ पराभवांनी सुरू झालेला तो हंगाम १०७ पराभवांवर थांबला. २०२५ मध्ये कोलोरॅडो रॉकीजने ७-३३ असताना बड ब्लॅकला घरी पाठवलं. नव्या माणसाने ३६-८६ केलं. टक्केवारी वाढली खरी, पण शेवट ११९ पराभवांनीच झाला. नुसती वरची पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

मॅनेजरच नसेल तर?

तेही करून झालं आहे. १९६१ मध्ये शिकागो कब्जचा मालक फिलिप रिगली याने मॅनेजर नेमायचाच नाही असं ठरवलं. प्रशिक्षकांचं मंडळ आळीपाळीने संघ चालवणार. पहिल्या वर्षी ६४ विजय, दुसऱ्या वर्षी ५९ विजय आणि १०३ पराभव. एक जण सांगायचा अशी बॅट धर, दोन आठवड्यांनी दुसरा सांगायचा तशी धर. खेळाडूने कुणाचं ऐकायचं?

त्याहून गोड गोष्ट २४ ऑगस्ट १९५१ ची. सेंट लुईस ब्राऊन्सचा मालक बिल व्हेक याने एका सामन्याचे निर्णय प्रेक्षकांवर सोपवले. ‘हो’ आणि ‘नाही’ असे फलक त्यांच्या हातात, आणि खरा मॅनेजर झॅक टेलर डुलत्या खुर्चीत बसलेला. पन्नास वर्षं मॅनेजर राहिलेला कॉनी मॅक त्या दिवशी प्रेक्षकांत बसून फलक धरत होता. ब्राऊन्स ५-३ ने जिंकले. त्या वर्षी ते १०२ सामने हरले होते! एक दिवस मॅनेजरविना सहज जातो. सहा महिने जात नाहीत.

सहा महिन्यांत तो करतो तरी काय, जे आपल्याला दिसत नाही?

जवळपास रोज सामना, आठवड्याला जेमतेम एक सुट्टी, तीही कधी कधी विमानात. संघात २६ जण. त्यात डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला वीस वर्षांचा पोरगा आहे, करार संपत आलेला पस्तिशीतला खेळाडू आहे, तीन आठवडे हिट न मिळालेला तारा आहे. कुणाला आज बसवायचं आणि ते त्याला कसं सांगायचं, काल तीस चेंडू फेकलेल्या रिलीव्हरला (मधून येणाऱ्या बदली पिचरला) आज हात मागायचा का, हे मॅनेजरचं रोजचं काम. रिलीव्हर ‘मी ठीक आहे’ असंच म्हणणार. ते खरं आहे का, हे ओळखणं हे कौशल्य.

आणि वेळ पडल्यास नाही म्हणणं. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे खेळाडू कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा (पुढचा चेंडू कसा येणार याचे इशारे) चोरत होते. मॅनेजर ए. जे. हिंचला ते पसंत नव्हतं, त्याने त्यासाठीचा मॉनिटर दोनदा फोडलाही. पण संघाला समोर बसवून ‘हे बंद’ असं त्याने सांगितलं नाही. २०२० मध्ये लीगने त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं आणि संघाने काढून टाकलं. पिचर चुकीच्या वेळी काढला तर एक सामना जातो. त्या न उच्चारलेल्या वाक्यामुळे एका विजेतेपदावर कायमचा डाग आहे.

आता सगळं संगणकच ठरवतात ना? मॅनेजर नावापुरताच?

अर्धं खरं. २००२ मध्ये ओकलंडने १०३ सामने जिंकले, सलग वीस जिंकण्याचा अमेरिकन लीगचा तेव्हाचा विक्रमही केला. मॅनेजर होता आर्ट हाऊ, पण संघाची रचना जनरल मॅनेजर बिली बीनची. पुढच्या वर्षी हाऊ मेट्सकडे गेला आणि ६६ जिंकले. ओकलंडने त्याच्याशिवाय ९६. तेव्हापासून मालकांचा कल कार्यालयाकडे झुकला.

तरी आकडे हातात असणं आणि ते एका रागावलेल्या पिचरच्या गळी उतरवणं यात फरक आहे. रेजने २०१८ मध्ये पहिली इनिंग रिलीव्हरकडून टाकून घ्यायची पद्धत आणली. कल्पना कागदावर सोपी होती, पण ज्यांचा मान पहिला चेंडू टाकण्यात होता त्यांना राजी करायला कॅश लागला.

‘मॅनेजर ऑफ द इयर’ हा पुरस्कार काही सांगतो का?

फारसं नाही. १९८३ पासून हा पुरस्कार दिला जातो आणि तो बहुधा त्याला मिळतो ज्याचा संघ पत्रकारांच्या अंदाजापेक्षा बरा खेळला. म्हणजे बऱ्याचदा अंदाजच चुकलेला असतो. जिरार्डीला २००६ मध्ये मिळाला, त्याच वर्षी त्याला काढलं. बाल्टिमोरच्या ब्रँडन हाइडला २०२३ मध्ये मिळाला, मे २०२५ मध्ये त्याचीही पाठवणी झाली.

बक शोवॉल्टरला तर चार वेळा मिळाला. त्याने यांकीज घडवले, १९९५ नंतर बाहेर पडला, १९९६ मध्ये यांकीज जिंकले. ॲरिझोना घडवला, २००० नंतर गेला, २००१ मध्ये ॲरिझोना जिंकला. पेरणी त्याची, कापणी दुसऱ्यांची. त्याला एकही विजेतेपद नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालक मॅनेजरची किंमत काय लावतात?

डॉजर्सच्या डेव्ह रॉबर्ट्सला २०२५ मध्ये चार वर्षांचे ३ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. म्हणजे वर्षाला सुमारे ८१ लाख. त्याच संघाच्या ओहतानीचा करार दहा वर्षांचा, ७० कोटींचा. मॅनेजरने हंगामात दहा-पंधरा विजय आणून दिले असते तर व्यवहारी मालकांनी हा भाव कधीच वर नेला असता.

सामना बघताना मॅनेजर चांगला की वाईट हे कसं ओळखायचं?

निकालावरून नाही. सहावी इनिंग सुरू झाली की पिचरकडे बघू नका, बुलपेनकडे बघा. कोण उठून हात मोकळा करतोय? त्याने काल आणि परवा किती चेंडू टाकले होते? समोरच्या पुढच्या तीन बॅटरपैकी डावखुरे किती? आता तुमचा निर्णय मनात ठरवा, पिचर बदलण्याआधीच, आणि मग मॅनेजर काय करतो ते बघा. आठवडाभर एकाच संघाचं असं बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. चांगल्या मॅनेजरच्या बुलपेनमध्ये उगाच उठून हात गरम करून परत बसणारे पिचर कमी असतात. तो उठवतो त्याला बहुतेक वेळा आणतोच. उठून फेकलेले ते वीस चेंडू धावफलकावर येत नाहीत, पण सप्टेंबरमध्ये खांद्यातून बोलतात.